तुमच्या आढाव्यात खर्चाचा रकाना कुठे आहे?

प्रति,
महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागांतील प्राध्यापक, एमडी प्रबंधांचे मार्गदर्शक, आणि आरोग्य व समाजकल्याणाच्या उपक्रमांवर पद्धतशीर आढावे लिहिणारे सर्व संशोधक

सस्नेह नमस्कार.

आपण लिहिता त्या सिस्टेमॅटिक रिव्ह्यूंच्या, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधून तोलणाऱ्या पद्धतशीर आढाव्यांच्या, शेवटच्या पानावर एक वाक्य हटकून सापडते : ‘या उपक्रमाच्या खर्चाबाबत अधिक संशोधन होणे गरजेचे आहे.’ त्याआधीची सगळी पाने काटेकोर असतात. शोध कुठे घेतला, किती निबंध चाळले, किती गाळले, का गाळले, पक्षपाताचा धोका किती, सगळ्याचे तक्ते. आणि ज्या प्रश्नावर जिल्ह्यात फाइल अडते तो प्रश्न एका ओळीत पुढच्या संशोधकाच्या अंगावर टाकलेला. हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे.

मी डॉक्टर नाही. जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात नोकरी झाली आणि तिचा मोठा भाग आरोग्याच्या हिशेबात गेला : पीआयपी (वार्षिक कृती आराखडा), आरओपी (त्याला केंद्राकडून आलेली मंजुरी), एफएमआर (खर्चाचा नियमित अहवाल), मार्चअखेरची उपयोगिता प्रमाणपत्रे आणि अखर्चित निधीचे खुलासे. एखादा तळमळीचा वैद्यकीय अधिकारी आढाव्याची छापील प्रत घेऊन यायचा आणि म्हणायचा, ‘साहेब, हे सिद्ध झालंय, आपल्याकडे करू या.’ मी विचारायचो, माणसे किती लागतील, महिन्यातले किती दिवस, गाडी कुणाची, औषध कुठून येणार, आणि हे सगळे कोणत्या लेखाशीर्षाखाली बसवायचे? प्रत चाळून तो गप्प बसायचा. दोष त्याचा नव्हता. मग एक तर फाइल पडून राहायची, नाहीतर कुणीतरी अंदाजाने आकडा टाकायचा. हे दुसरे जास्त वाईट. कारण एकदा टाकलेला अंदाज पुढच्या वर्षी दहा टक्के वाढवून परत छापला जातो, आणि दोन-तीन वर्षांत त्याला पूर्वापार चालत आलेल्या आकड्याचा मान मिळतो.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, ‘आमचे काम परिणाम आहे की नाही ते सांगण्याचे. पैशाचे अर्थतज्ज्ञ बघतील.’ ज्यांच्या नावाने आज जगभर आढावे लिहिले जातात त्या आर्ची कॉक्रन यांनी १९७२ साली आपल्या छोट्याशा पुस्तकाच्या शीर्षकातच परिणामकारकता आणि कार्यक्षमता हे दोन्ही शब्द शेजारी ठेवले होते. १९९३ मध्ये त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली, २००० मध्ये शिक्षण, गुन्हेगारी आणि समाजकल्याणाच्या आढाव्यांसाठी कॅम्पबेल कोलॅबोरेशन आले, आणि दोघांचा मिळून अर्थशास्त्रीय पद्धतींचा एक गटही झाला. कॉक्रनच्या मार्गदर्शक पुस्तिकेत आर्थिक पुराव्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे मी काही नवे मागत नाही. जे तुमच्याच नियमपुस्तकात आहे आणि तुमच्या प्रबंधात नाही, ते मागतो आहे.

उदाहरण राजस्थानातले घेतो, कारण याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. उदयपूर जिल्ह्यातल्या १३४ गावांत सेवा मंदिर या संस्थेबरोबर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लसीकरणावर एक प्रयोग केला. तो २०१० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. काही गावांत काहीच वेगळे केले नाही. काही गावांत दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, न चुकता, लसीकरणाचे शिबिर भरवले. आणि काही गावांत तसेच शिबिर, पण प्रत्येक लसीमागे एक किलो डाळ आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच. पूर्ण लसीकरण झालेल्या मुलांचे प्रमाण पहिल्या गटात ६ टक्के, दुसऱ्यात १८ आणि डाळवाल्या गटात ३९ टक्के निघाले.

इथवर तुमचा आढावा येतो. सापेक्ष जोखीम, कॉन्फिडन्स इंटर्व्हल, फॉरेस्ट प्लॉटवर (सगळ्या अभ्यासांचे निकाल शेजारी मांडणाऱ्या आलेखावर) एक चौकोन, आणि निष्कर्ष : ‘भेटवस्तूंनी लसीकरण वाढते.’ हे वाचून माझ्यासारखा हिशेबनीस लगेच म्हणेल, वाढणारच हो, पण डाळीचे पैसे कोण देणार? डाळ म्हणजे जादा खर्च, परवडणार नाही, पुढची फाइल आणा.

मात्र त्याच शोधनिबंधात खर्चही मांडलेला आहे. नुसत्या शिबिरांच्या गावांत पूर्ण लसीकरण झालेल्या एका मुलामागे सुमारे २,२०० रुपये पडले. डाळ दिलेल्या गावांत १,१०० रुपये. डाळ देऊन दरडोई खर्च निम्मा झाला! कारण उघड आहे, फक्त कुणीतरी दाखवावे लागते. शिबिराचा बराचसा खर्च नर्सचा पगार, मदतनीस आणि ये-जा यांवर होतो. दिवसभरात चार मुले आली काय नि चौदा आली काय, नर्सचा तो दिवस तेवढ्याच पैशाला पडतो. डाळीने रांग लांबली आणि तोच खर्च जास्त मुलांत वाटला गेला. एकूण बिल वाढले, मुलामागचे घटले. नुसता परिणाम वाचणारा वित्त अधिकारी डाळ नाकारतो, आणि खर्च वाचणारा तीच डाळ मंजूर करतो. एवढा फरक एका रकान्याने पडतो.

आता इथेच थांबून ‘मग महाराष्ट्रातही डाळ वाटा’ असे कुणी म्हणाले तर मी पुन्हा हरकत घेईन, आणि ती हरकतही आढाव्यातच यायला हवी. उदयपुरात काहीच वेगळे न केलेल्या गावांत पातळी ६ टक्के होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातले पूर्ण लसीकरण ७३ टक्क्यांच्या पुढे आहे. समजा, आपल्या एखाद्या तालुक्यात ७४ टक्के मुले आपसूक येतात आणि डाळ दिल्यावर ती ८४ होतील. डाळ काही फक्त नव्या दहांना देता येत नाही, ८४ जणांना द्यावी लागते. म्हणजे एका वाढीव मुलामागे डाळ-ताटांचे आठांहून जास्त संच. उदयपुरात शिबिरांच्या तुलनेत शंभरात २१ मुले वाढली आणि संच गेले ३९. एका वाढीव मुलामागे जेमतेम दोन. तीच डाळ, तेवढाच भाव, आणि हिशेब चौपट महाग. माझा ८४ चा आकडा केवळ कल्पनेतला आहे. पण हे गणित मांडायला लागणारी सामग्री, म्हणजे सुरुवातीची पातळी, किती जणांना काय दिले आणि ठरावीक खर्च किती, आढाव्यात असेल तर नंदुरबारचा अधिकारी अक्कलकुव्यासाठी एक उत्तर काढील आणि पुण्याचा अधिकारी हवेलीसाठी दुसरे. दोन्ही उत्तरे बरोबर असतील.

म्हणून माझी मुख्य मागणी रुपयांची नाहीच. रुपये शिळे होतात. मला वस्तू आणि वेळ मोजून हवा आहे. किती किलो, किती तास, किती फेऱ्या, किती खाटा-दिवस.

हे किती सोपे आणि किती उपयोगी असते ते झारखंडमधल्या ‘रेशन्स’ या अभ्यासात पाहा. अनुराग भार्गव, माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. २,८०० क्षयरुग्णांच्या घरांतील १०,३४५ माणसे त्यात होती. काही घरांत फक्त रुग्णाला पोषक शिधा दिला, काही घरांत कुटुंबातल्या सगळ्यांना. कुटुंबालाही शिधा मिळाला तिथे घरातल्या इतरांना क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. पण माझे लक्ष वेधले ते पिशवीने : घरातल्या प्रत्येक प्रौढाला महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ, दहा वर्षांखालच्या मुलाला त्याच्या निम्मे, सहा महिने. आणि क्षयाचा एक नवा रुग्ण टाळायला साधारण ३० घरांना, म्हणजे १११ माणसांना, हा शिधा द्यावा लागतो, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे.

आता मला कुणा अर्थतज्ज्ञाची गरज उरत नाही. १११ जण सगळेच प्रौढ धरले तरी सहा महिन्यांत ३,३३० किलो तांदूळ आणि टनभर तूरडाळ. मुलांमुळे प्रत्यक्षात याहून कमीच. तांदळाला सरकारी खरेदीचा भाव लावा किंवा गोंदियाच्या बाजारातला, तूरडाळीला आजचा लातूरचा भाव लावा. वाहतूक, पोती आणि घरोघर पोचवणाऱ्या माणसाचे दिवस मिळवा. उत्तर तुमच्या हातात. उद्या तुरीचे भाव दुप्पट झाले तरी अभ्यास शिळा होत नाही, कारण त्याने पैसे सांगितले नाहीत, किलो सांगितले. असे किलो ज्या ज्या अभ्यासात आहेत ते तुमच्या माहिती उतरवून घेण्याच्या तक्त्यात यायलाच हवेत. आणि ज्यात नाहीत त्यांच्या लेखकांना ईमेल करून मागायला हवेत, जसे तुम्ही हरवलेले स्टँडर्ड डेव्हिएशन मागता.

गडचिरोलीचा उल्लेख केल्याशिवाय या विषयावर महाराष्ट्रात बोलताच येत नाही. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेचा नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीचा निबंध डिसेंबर १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. ३९ गावे, गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रिया, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्के घट. हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच निबंधात एक वाक्य असे आहे की एका बाळामागे खर्च ५.३ डॉलर आला आणि दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला. गुणाकार करा, टळलेल्या एका मृत्यूमागे ९५ डॉलर. त्या काळात मूळ प्रयोगाच्याच निबंधात, सारांशातच, खर्च छापणे ही मला आजही मोठी गोष्ट वाटते. पुढे उत्तर प्रदेशातले शिवगड, बांगलादेशातले सिल्हेट वगैरे ठिकाणचे प्रयोग मिळवून आढावे निघाले, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे २००९ चे संयुक्त निवेदन आले, आणि २०११ पासून भारतात आशांमार्फत ही योजना सुरू झाली.

पण जे देशभर गेले ते गडचिरोलीतले जसेच्या तसे नव्हते. सर्चच्या आरोग्यदूत जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देत. सरकारी योजनेत इंजेक्शन देणे आशांकडे नाही. देखरेखीची वीण वेगळी, प्रशिक्षण वेगळे. मग एका हाताने ‘६२ टक्के’ उचलायचे आणि दुसऱ्या हाताने आशांचा दर लावून ‘इतके स्वस्त’ म्हणायचे, हे चालणार नाही. ज्या कामाचा परिणाम घेतला त्याच कामाचा खर्च घ्यायला हवा. आढावा लिहिणाऱ्याला हे दोन्ही एकाच निबंधातून, एकाच ओळीत उतरवून घेता येतात. नंतर येणाऱ्याला ते जमत नाही, तो एकीकडून परिणाम आणि दुसरीकडून दर उचलतो.

दराचेही ऐका. २०११ च्या योजनेत आशाने दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर सहा आणि घरी झालेल्या बाळंतपणानंतर सात भेटी द्यायच्या, ४२ व्या दिवसापर्यंत, आणि त्याचे २५० रुपये. तेही वजनाची नोंद, लसी, जन्मनोंदणी झाली असेल आणि आई-बाळ सुखरूप असतील तर. सहा भेटी धरल्या तरी एका भेटीचे ४२ रुपये होत नाहीत. मेळघाटात एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायला अर्धा दिवस मोडतो. आमच्या खतावणीत त्या अर्ध्या दिवसाची किंमत ४२ रुपये, कारण तेवढेच बिल निघते. तुम्ही खतावणीतला आकडा उचलून ‘कमी खर्चाचा उपक्रम’ असे लिहिता तेव्हा त्या बाईचा उरलेला दिवस फुकट धरलेला असतो. मला हे फार खटकते. २०२३-२४ मध्ये राज्यातल्या आशा आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक संपावर गेल्या, आझाद मैदानात बसून राहिल्या. त्या काळात मानधनावर बरीच चर्चा झाली, पण ज्या पुराव्यावर हा सगळा डोलारा उभा आहे त्यातच त्यांचा वेळ मोजलेला नाही, हे कुणी बोलले नाही. तास मोजा. पगार किती द्यायचा ते शासन ठरवील, पण तास तरी खरे दिसू द्या.

खतावणीची गोष्ट निघालीच आहे तर एक सावधगिरीची सूचना. आमचे हिशेब म्हणजे उपक्रमाचा खर्च असे समजू नका. लस आणि सिरिंज केंद्राकडून वस्तुरूपात येतात, त्या जिल्ह्याच्या खर्चात दिसतच नाहीत. नियमित एएनएमचा (उपकेंद्रातल्या परिचारिकेचा) पगार एका शीर्षात, कंत्राटीचा राष्ट्रीय आरोग्य अभियानात (एनएचएम), गाडीचे डिझेल तिसरीकडे, आणि उपकेंद्राच्या इमारतीचे भाडे कुठेच नाही, कारण ती आपलीच. उपयोगिता प्रमाणपत्र सांगते की मिळालेले पैसे संपले. काम किती पैशाला पडले हे ते सांगत नाही. एका नावाजलेल्या नियतकालिकातल्या आढाव्यात जिल्ह्याच्या अखर्चित निधीमुळे खर्च ‘कमी’ आलेला मी पाहिला आहे. पैसे उशिरा आले, मार्चपर्यंत खर्चलेच नाहीत, आणि इकडे कार्यक्षमता वाढली!

जंतनाशकाच्या गोळीचा वाद तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, म्हणून थोडक्यात. केनियातल्या बुसिया भागातील ७५ शाळांवरचा मिगेल आणि क्रेमर या अर्थतज्ज्ञांचा २००४ चा अभ्यास म्हणाला, शाळेतली गैरहजेरी सुमारे चतुर्थांशाने घटली. कॉक्रनच्या आढाव्यांनी, २०१५ आणि २०१९ मध्येही, म्हटले की सरसकट गोळी दिल्याने सरासरी वजन, हिमोग्लोबिन किंवा अभ्यासातली प्रगती यांवर फारसा परिणाम दिसत नाही. अर्थतज्ज्ञांचे उत्तर असे की गोळी इतकी स्वस्त आहे की अगदी छोटा फायदाही तिचे पैसे वसूल करतो, आणि छोटा फायदा पकडायला तुमचे अभ्यास अपुरे आहेत. भारतात फेब्रुवारी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. कोण बरोबर, यात मी पडत नाही. पण दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत हे मला बाहेरून स्पष्ट दिसते. एक विचारतो, फरक सिद्ध झाला का? दुसरा विचारतो, फरक असण्याची शक्यता खर्चाला पुरून उरते का? आढाव्यात खर्चाचा एक परिच्छेद असता तर निदान भांडण कशावरून आहे ते वाचकाला कळले असते. आणि स्वस्त म्हणणाऱ्यांनाही विचारतो : गोळी स्वस्त आहे हो, पण राज्यभरातल्या शिक्षिका आणि अंगणवाडी सेविका ज्या दिवशी गोळ्या वाटतात, राहिलेल्या मुलांसाठी मॉप-अपला पुन्हा बसतात, अहवाल भरतात, तो दिवस कुणाच्या खात्यावर?

आता पद्धतीबद्दल, कारण इथे अतिउत्साहाचाही धोका आहे. खर्च घ्या म्हटल्यावर एखादा विद्यार्थी वेगवेगळ्या देशांतले कॉस्ट-इफेक्टिव्हनेस रेशो (ठरावीक परिणामामागे पडलेला खर्च) गोळा करील आणि त्यांची सरासरी काढून मेटा-अ‍ॅनालिसिस, म्हणजे अनेक अभ्यासांचा एकत्रित निकाल, म्हणून सादर करील. कृपा करून असे होऊ देऊ नका. थायलंडमधला २००६ चा बाथ, ब्रिटनचा २०१४ चा पौंड आणि झारखंडचा रुपया यांची सरासरी म्हणजे काहीच नाही. त्यात कुणी फक्त सरकारचा खर्च धरलेला असतो, कुणी रुग्णाचाही, कुणी एक वर्षाचा, कुणी जन्मभराचा. एकत्र करायचेच असेल तर खाटा-दिवस, भेटी, तास अशा मोजमापांचे करा, तेही जपून. चलन बदलायचे तर बाजारातला विनिमय दर लावू नका. क्रयशक्तीचा दर आणि महागाईची दुरुस्ती दोन्ही लागतात, आणि त्यासाठी लंडनच्या एप्पी-सेंटर या संशोधन केंद्राबरोबर बनवलेले एक मोफत साधन इंटरनेटवर आहे. खर्चाचे अभ्यास कसे लिहिले आहेत ते तपासायला ‘चीअर्स’ची २०२२ ची २८ मुद्द्यांची यादी आहे. आणखी एक : यॉर्क विद्यापीठातल्या आर्थिक मूल्यमापनांच्या जुन्या डेटाबेसमध्ये २०१५ नंतर भर पडलेली नाही. तेवढाच चाळून ‘अलीकडचे अभ्यास आढळले नाहीत’ असे लिहिणारे प्रबंध मार्गदर्शकाने परत पाठवावेत.

भारतात सामग्री नाही ही सबबही आता जुनी झाली. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली एचटीएआयएन ही आरोग्य तंत्रज्ञानाचे मूल्यमापन करणारी यंत्रणा आहे. त्यांच्या संदर्भ-चौकटीत समाजाच्या दृष्टीने खर्च मोजा, भविष्यातला खर्च आणि लाभ दोन्ही वर्षाला ३ टक्क्यांनी कमी करून घ्या, असे स्पष्ट नियम आहेत. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेने देशभरातल्या दवाखान्यांच्या खर्चाची माहिती जमवून खुली ठेवली आहे. आयुष्याच्या गुणवत्तेचे भारतीय मूल्यांक आले आहेत. मुंबईत आयसीएमआरच्या प्रजनन व बाल आरोग्य संस्थेत एचटीएआयएनचे केंद्र आहे. आपले विद्यार्थी तिथे फोन करू शकतात.

समाजाच्या दृष्टीने मोजा, यातले ‘समाजाच्या’ मात्र गंभीरपणे घ्या. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के. उतरला, तरी शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये अजून घरातून जातात. एखादा उपक्रम रुग्णाला तीनदा तालुक्याला बोलावतो आणि दवाखान्याचा खर्च वाचवतो, तर तो स्वस्त झाला की त्याचा खर्च एसटीच्या तिकिटात आणि बुडालेल्या मजुरीत सरकला? आढाव्याने हे वेगवेगळ्या ओळींत दाखवले तरच कळेल. सामाजिक उपक्रमांत तर हे आणखी अवघड होते. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना घ्या. पैसे आदिवासी विकास विभागाचे, स्वयंपाक अंगणवाडीत, म्हणजे महिला व बालविकासाकडे, आणि बाळाचे वजन वाढले तर एसएनसीयूमधल्या (आजारी नवजातांच्या कक्षातल्या) खाटा वाचणार आरोग्य विभागाच्या. तिन्ही विभागांचे सचिव वेगळे, अंदाजपत्रके वेगळी. ज्याचे पैसे जातात त्याला फायदा दिसत नाही, म्हणून कपातीच्या वर्षी अशाच योजनेवर पहिली कात्री चालते. हा आहार कुणाचा किती वाचवतो हे एका जागी दाखवायला आढाव्याशिवाय दुसरी जागा नाही.

एक भीती मला स्वतःलाही वाटते आणि ती बोलून टाकतो. खर्चाचा रकाना आला की कुणीतरी त्याचा कुऱ्हाडीसारखा वापर करणार. भामरागड किंवा धारणीत एका मुलामागे खर्च जास्तच येणार, कारण गावे लांब आणि माणसे विखुरलेली. सरासरी खर्च दाखवून ‘तिथे परवडत नाही’ म्हणणारे अधिकारी मी पाहिले आहेत. दरडोई जीडीपीच्या एक ते तीन पट ही जागतिक आरोग्य संघटनेची जुनी मोजपट्टी अशीच डोळे मिटून वापरली गेली. शेवटी २०१६ मध्ये संघटनेतल्याच लोकांना लिहावे लागले की केवळ एवढ्यावर निर्णय घेऊ नका. तेव्हा रकाना एक नको. जवळच्या गावांचा वेगळा, दुर्गम गावांचा वेगळा, मूळ अभ्यासात तशी माहिती असेल तर. नसेल, तर ‘हे अभ्यास बहुतेक रस्त्याकडेच्या गावांत झाले’ एवढे तरी लिहा. ते वाक्य मला हजार रुपयांच्या आकड्यापेक्षा जास्त कामाचे आहे.

आता तुम्हाला काय करता येईल. प्रोटोकॉल, म्हणजे आढाव्याचा आराखडा, प्रॉस्पेरो या आढाव्यांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत नोंदवतानाच खर्चाचा प्रश्न त्यात घाला. नंतर आठवला म्हणून घुसवू नका. निबंध निवडताना मूळ प्रयोगांची जोडपत्रे उघडून पाहा, कारण किलो आणि तास बहुधा तिथेच दडलेले असतात. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रबंध समितीवर अर्थशास्त्र विभागातला एखादा प्राध्यापक बोलवा, शेजारच्याच कॉलेजात असतो. पूर्ण आर्थिक आढावा झेपत नसेल तर कॉक्रनच्या मार्गदर्शक पुस्तिकेतच छोट्या आर्थिक टिपणाची सोय आहे : जे खर्चाचे अभ्यास सापडले त्यांचे देश, किमतींचे वर्ष, कुणाचा खर्च धरला आणि निष्कर्ष काय, एवढे एका पानात. काहीच सापडले नाही तर कुठे कुठे शोधले ते लिहा. एवढी माहितीही फाइलवर चालते.

आणि मूळ अभ्यास आपल्याच जिल्ह्यात करत असाल तर हिशेब मागायला आमच्याकडे या. एफएमआरवर समाधान मानू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या गाडीचे लॉगबुक मागा, औषधसाठ्याची नोंदवही मागा, पर्यायी लस-वाहतुकीची देयके मागा, आशांचे मासिक दावा-अर्ज मागा, गटप्रवर्तकांच्या भेटींच्या वह्या मागा. कॅफोंच्या (मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांच्या) नावे एक पत्र आणि नीतिशास्त्र समितीची मंजुरी जोडलीत तर बहुतेक जिल्ह्यांत नाही म्हणणार नाहीत. मार्च आणि एप्रिल सोडून कधीही या. त्या दोन महिन्यांत तुम्हाला कुणी खुर्चीही देणार नाही.

आपला नम्र,
जिल्हा परिषदेचा एक निवृत्त लेखाधिकारी